मिलिनॉकेट: कागदाचं गाव आणि त्याची नदी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात, दाट जंगलात, पेनॉबस्कॉट नदीची पश्चिम शाखा झपाट्याने खाली उतरते. चार्ल्स मलेन या अभियंत्याने हा उतार हेरला, गॅरेट शेंक यांनी भांडवल जमवलं आणि १९००च्या अखेरीस ग्रेट नॉर्दर्न पेपर कंपनीच्या गिरणीत वृत्तपत्रांचा कागद तयार होऊ लागला. गिरणीबरोबरच मिलिनॉकेट वसलं. इतक्या वेगाने, की लोक त्याला ‘जादूचं शहर’ म्हणू लागले. बांधकामाला इटालियन मजूर आले. पोलिश, लिथुआनियन आणि कॅनडातले फ्रेंच भाषक कामगारही आले.

गावाचं सगळं अर्थकारण नदीवर उभं होतं. स्प्रूसचे ओंडके फिरत्या दगडांवर दाबून त्यांचा लगदा करायचा, तर दगड फिरवायला प्रचंड शक्ती लागते. ती पाण्याने पुरवली. ओंडकेही १९७१पर्यंत त्याच पाण्यातून वाहत येत. कंपनीने पुढे रिपोजेनससारखी धरणं बांधली, स्वतःची वीज केली. शाळा संपली की पोरगं थेट गिरणीत लागायचं, कामगार संघटनेने मिळवलेल्या पगारावर घर उभं करायचं. गावाच्या करातला मोठा हिस्सा गिरणीच भरायची. १९७०मध्ये लोकसंख्या ७,७४२ होती.

त्याच वर्षी कंपनीचं नेकूसा या दुसऱ्या कागद कंपनीशी विलीनीकरण झालं. पुढे १९९०मध्ये जॉर्जिया-पॅसिफिकने ती गिळली, मग बोवॉटर आली, १९९९मध्ये इनेक्सकॉन. मालक बदलत गेले आणि यंत्रं जुनी होत गेली. माझ्या मते खरा घाव २००२मध्ये बसला: पैशांच्या चणचणीत कंपनीने धरणंच ब्रॅस्कन या दुसऱ्या कंपनीला विकली. पाणी आणि गिरणी यांची फारकत झाली. वर्षभरात कंपनीचं दिवाळं निघालं. मग ब्रॅस्कननेच तिच्या मिलिनॉकेट आणि शेजारच्या ईस्ट मिलिनॉकेट इथल्या गिरण्या घेतल्या, पण मिलिनॉकेटची गिरणी २००८मध्ये बंद केली. कारण सांगितलं तेलाच्या चढ्या भावाचं. पाण्याच्या शक्तीवर जन्मलेली गिरणी तेलाच्या खर्चाने थांबावी, हे मला फार लागतं. ईस्ट मिलिनॉकेटची गिरणी २०१४मध्ये थांबली. धरणं मात्र आजही वीज विकून कमावतात.

गिरण्या थांबल्यावर पर्यटनाचा पर्याय पुढे आला: २०१६मध्ये उद्योजिका रोक्सॅन क्विम्बी यांनी विकत घेऊन दिलेल्या या भागातल्या ८७ हजारांहून अधिक एकर जंगलाचं राष्ट्रीय स्मारक झालं. परिसरातल्या अनेकांनी त्याला जोरदार विरोध केला होता. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल: ज्यांनी बारमाही, संघटित नोकरी पाहिली, त्यांना हंगामी पर्यटनाचं काम पर्याय कसा वाटावा? शिवाय स्मारक झालं की जंगलतोडीचे, शिकारीचे जुने हक्क आकसतील, अशी भीती होती.

२०२०च्या जनगणनेत गावात ४,११४ माणसं उरली होती. २०१७च्या सुरुवातीला ‘अवर कटाहडिन’ या स्थानिक ना-नफा संस्थेने गिरणीची जागा, डोक्यावरच्या थकलेल्या करासकट, एक डॉलरला घेतली. या वेळी तिथे एकच मोठा कारखाना न आणता अनेक लहान-मोठे उद्योग वसवावेत, असा तिचा प्रयत्न आहे.