विंचवाच्या नांगीतला रिसर्च

एकलहऱ्याहून नाशिकरोडला कॉलेजला जाणाऱ्यांना थर्मल पॉवर स्टेशनची धुराडी रोजच दिसतात. २१० मेगावॉटचे तीन संच! पण एक पॉवर स्टेशन आपण अंगात घेऊन फिरतो, ते मात्र लक्षात येत नाही. आपल्या चेतापेशीच्या आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. टॉर्चच्या एका सेलच्या जेमतेम विसाव्या भागाइतका. तेवढ्यावर आपण बघतो, पळतो, व्हायवाच्या आधी घामाघूम होतो.

या विजेचे स्विच म्हणजे आयन चॅनेल्स, पेशीच्या आवरणातली प्रथिनांची इवलीशी दारं. सोडियमचं दार उघडलं की सोडियम आत शिरतं आणि सिग्नल सुरू होतो. मिलिसेकंदात ते दार बंद होतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा शांत. अभ्यासात हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण ते दार नीट बंदच झालं नाही तर?

तर काय होतं, ते कोकणातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून पाहिलं. ते लॅबमधले न्यूरोसायंटिस्ट नाहीत. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तिथे लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, पुढे फुफ्फुसात पाणी आणि तोंडातून फेस. त्या काळात गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. पुस्तकात खात्रीचा उपचार नव्हता.

बावस्करांनी निरीक्षणं टिपायला सुरुवात केली. नाडी, रक्तदाब, लक्षणं कोणत्या क्रमाने येतात, सगळं. विषाचा खेळ असा: त्यातले घटक सोडियमचं दार उघडंच धरून ठेवतात. चेतापेशी थांबायचं नावच घेत नाहीत. ॲड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात बदाबदा ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकतं. धोक्याची लक्षणं आधीच कशी ओळखायची, हे बावस्करांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

मग औषध. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरलं. ते थेंबाथेंबावर लक्ष ठेवून द्यावं लागतं, खेड्यात ते कसं जमणार? पुढे त्यांनी प्राझोसिन निवडलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी! ती सोडियमच्या दाराला हातही लावत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर अडवते, बस्स. उघडं दार बंद करता आलं नाही, तरी पुढचा रस्ता अडवता येतो. फार्माकॉलॉजीचा यापेक्षा भारी धडा कुठला?

१९८६ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास एक टक्क्यावर उतरलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी या संशोधनात बरोबरीने होत्या. गोळीसोबत प्रतिविष दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे त्यांनी २०११ मध्ये ‘बीएमजे’मधून दाखवलं. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी याच लाल विंचवाच्या विषातून ‘आयबेरिओटॉक्सिन’ वेगळं केलं. फक्त ३७ अमिनो आम्लांचा हा रेणू ‘बीके’ नावाचं एका जातीचं पोटॅशियम चॅनेल नेमकं बंद करतो. म्हणून जगभरच्या न्यूरोसायन्स लॅबमध्ये तो हत्यारासारखा वापरला जातो. विंचू आपल्या बांधावरचा, रेणू सापडला परदेशात. हे वाचून थोडं टोचलं पाहिजे. खेड्यातल्या डॉक्टरने प्रश्न ओळखला आणि रुग्णही वाचवले, पण विषातला एकेक रेणू सोडवायला लॅब लागते. ते काम तुमच्यापैकी कोणीतरी करायचंय.

आणि त्यासाठी डॉक्टरच व्हायला हवं असं नाही. एका चॅनेलमधून वाहणारा करंट मोजण्याचं ‘पॅच क्लॅम्प’ तंत्र शोधणाऱ्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. त्यातले एर्विन नेहर फिजिक्सवाले, बर्ट साकमान वैद्यकशास्त्राचे. बीएस्सी, बीफार्म, इंजिनीअरिंग, कुठूनही या वाटेला लागता येतं. पुण्याचं आयसर, मुंबईचं टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस इथे न्यूरोसायन्सचं संशोधन चालतं.

तोवर एक काम मात्र आजपासूनच करा. गावात कुणाला विंचू चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू देऊ नका. थेट दवाखान्यात न्या, आणि किती वाजता चावला ते लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.