पूल येईपर्यंतची बोट

फेरीबोट धक्क्याला आली की दोर टाकून बांधत असतील, असं पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं. कोकणातल्या दाभोळला सहसा तसं होत नाही. सपाट बुडाची बोट सिमेंटच्या उतारावर नाक टेकवते, पुढचा लोखंडी रॅम्प खडखडत खाली येतो आणि वरच्या केबिनमधला माणूस इंजिन मंद चालू ठेवून बोट उतारावर दाबून धरतो. आलेल्या गाड्या उतरून नव्या चढेपर्यंत हे दाबून धरणं सुरूच असतं. बोट उभी दिसते, पण डिझेल जळत असतं. गाडीची पुढची चाकं रॅम्पवर आणि मागची जमिनीवर असताना बोटीचं नाक हातभर सरकलं तर काय होईल, हे त्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पर्यटक खाडीचे फोटो काढत असतात, तेव्हा तो खिडकीतून मान बाहेर काढून रॅम्पच्या कडेवर नजर ठेवून असतो.

खाली खलाशांचा कारभार. तोंडात शिट्टी, हातवारे, आणि शिट्टी ऐकू गेली नाही तर सरळ बोनेटवर थाप. ‘येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, अजून डावी... बास!’ एकाच टोकाला रॅम्प असलेली बोट लागली तर गाडी मागे घेत चढवावी लागते, आणि मग पुण्या-मुंबईच्या चालकांची खरी परीक्षा. आरशात बघावं की खलाशाकडे, यातच निम्म्यांचा घोळ होतो. मागे पाणी आहे एवढीच जाणीव माणसाला चक्र उलटं फिरवायला लावते. खलाशी वैतागत नाहीत. एकदा तर एकाने चालकाला अदबीने खाली उतरवून स्वतःच गाडी लावून दिली आणि किल्ली परत देताना ‘साहेब, हँडब्रेक ओढलाय’ इतकंच म्हणाला.

गाड्या कुठे उभ्या करायच्या, हे रांगेच्या क्रमावर ठरत नाही. जड टेम्पो मधोमध, मोटारी त्याच्या पुढेमागे, दुचाक्या कडेच्या फटींत. सगळं वजन नाकाकडे आलं तर बोट उतारावर घट्ट बसते आणि निघता निघत नाही. एका बाजूला आलं तर कलते. दगडी चिऱ्यांनी भरलेला टेम्पो आला की आधी चढलेल्या दोन मोटारी पुन्हा खाली उतरवल्या जातात. रांगेत पहिले आलेले लोक मग भांडतात. या भांडणात खलाशी नेहमी जिंकतो, कारण तो उत्तरच देत नाही.

पाण्याचं वेळापत्रक वेगळं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी उतारावर चांगलंच वर येतं आणि गाडी जवळजवळ सपाटीवरून आत जाते. त्याच दिवशी ओहोटीला मात्र उताराचा हिरवा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, रॅम्पचा कोन बदलतो आणि बुटक्या मोटारींचं पोट घासतं. पाणी उतरत असताना बोट एका जागी फार वेळ थांबली तर ती तिथेच बसेल. म्हणून गाड्या भरणं चालू असतानाच ती मध्ये थोडी मागे घेऊन पुन्हा टेकवतात. भांगाच्या, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असलेल्या, दिवसांत हा त्रास कमी. टाइमटेबल धक्क्यावर लावलेलं आहे, पण बोटीवरची माणसं आधी पंचांग बघतात.

आणि मधली दहाएक मिनिटं. समोरचं धोपावे सरळ दिसत असताना बोट सरळ तिकडे जात नाही. भरती आत शिरत असेल तर नाक समुद्राच्या अंगाला, ओहोटी लागली असेल तर चिपळूणच्या अंगाला, असं तिरकं धरून ती सरकत जाते आणि शेवटी बरोबर उतारावर येते. पावसाळ्यात वरून वाशिष्ठी नदीचं लाल पाणी ओहोटीच्या ओढीत मिसळतं, तेव्हा हा तिरकेपणा इतका वाढतो की नवख्याला वाटतं आपण चिपळूणलाच निघालो.

इथे वाशिष्ठी समुद्राला मिळते. उत्तरेला दापोली तालुक्यातलं दाभोळ, दक्षिणेला गुहागर तालुक्यातलं धोपावे. बोट नसेल तर दापोलीहून गुहागरला जायला खेड, चिपळूण असा वळसा. शंभर किलोमीटरच्या पुढचा. बोटीने अंतर निम्म्याहून कमी होतं. गाड्या नेणारी ही सेवा २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी माणसं तरीने पलीकडे जायची, गाडी असलेला माणूस वळसा घालायचा. आजही जुनी माणसं या बोटीला जंगलजेटी म्हणतात, आणि तिकीटखिडकीवर त्या नावाला कुणी हसत नाही.

या खाडीने बोटी पुष्कळ पाहिल्या आहेत. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेवर इथूनच जहाजात चढला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हे बंदर जाळलं. सतराव्या शतकातली अंडा मशीद अजून उभी आहे. बोटीतून उतरून पाच मिनिटं चाललं की दिसते, पण गाडीवाले सहसा थांबत नाहीत. पुढे मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींचा काळ आला. दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत त्या खाली गोव्याकडे जायच्या. चाकरमानी, पत्र्याच्या ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या. किनाऱ्यावरून होडीत आणि होडीतून आगबोटीत. रस्ते झाले, एसटी गावोगाव पोचली आणि त्या आगबोटी बंद पडल्या. तेव्हा पुलाने नव्हे, रस्त्याने बंदर मारलं, असं म्हणता येईल.

मग एन्रॉन ही अमेरिकी कंपनी. वीजकंपनीचं नाव दाभोळ, प्रकल्प मात्र पलीकडे अंजनवेलला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात देशभर गाजलेल्या या नावातून दाभोळ गावाला नेमकं काय मिळालं, हा प्रश्न धक्क्यावर विचारला तर लोक नुसतं हसतात. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्पातली वीज थांबली, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. अब्जावधी डॉलरचा कारखाना समोर थंड पडलेला असताना, दोनच वर्षांत, एका खासगी कंपनीच्या सपाट बोटीने दोन तालुके जोडले. मला यातला विनोद आवडतो. बोटीतल्या लोकांना तो विनोद वाटत नाही. त्यांच्यातल्या काहींनी त्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम केलेलं आहे.

आता पूल. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता न्यायचा, ही कल्पना माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. म्हणजे गोष्ट चार दशकांची. हा सागरी महामार्ग आता राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे आणि त्यात खाड्यांवर मोठे पूल धरलेले आहेत: धरमतर, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड, काळबादेवी, कुणकेश्वर. या यादीवरून बोट फिरवत गेलं की कोकणातल्या बहुतेक फेरीबोटींची नावं वाचल्यासारखं होतं. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ. जिथे पूल हवा आहे तिथे बोट आहे, कारण दोघांना कारण एकच.

धक्क्यावर पुलाबद्दल बोलणं सोपं आहे, सगळ्यांना मत आहे. टपरीवाला म्हणतो, ‘पूल झाला की आम्ही बसलोच.’ त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बोटीची वाट बघणारा माणूस. बोट चुकली तर चहा, वेळ असेल तर भजी, मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. गणपतीत आणि शिमग्याला रांग गावात शिरते तेव्हा तो पहाटेपासून स्टो पेटवतो. टॅक्सीवाल्याला मात्र पूल उद्याच हवा आहे. रात्री शेवटची बोट गेल्यावर पलीकडे बाळंतीण अडली तर काय, हा त्याचा प्रश्न, आणि त्यावर टपरीवाल्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. पूल नको असं म्हणणारा माणूस दाभोळात मला भेटला नाही, आणि भेटला असता तर मी त्याच्याशी वाद घातला असता.

पण बोटीवर पुन्हा पुन्हा बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. बोटीचा खर्च गाड्या काढतात. पायी माणसाचं तिकीट किरकोळ. दुचाकीचं थोडं जास्त. मोटार, टेम्पो, मिनी बस यांच्यावर खरं गणित. दुपारी दोनच्या बोटीला तीन मोटारी, काही दुचाक्या आणि वीस-पंचवीस माणसं असतात, तेव्हा ती माणसं त्या मोटारींच्या जिवावर पलीकडे जात असतात. दापोलीच्या एसटीतून उतरलेले म्हातारे, वेळणेश्वरच्या लग्नाला निघालेलं कुटुंब, शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका. पूल झाला की मोटारी पहिल्या दिवशी तिकडे वळतील आणि उरलेल्या माणसांसाठी एवढी मोठी बोट कुणी चालवणार नाही. चालवावी, अशी खासगी कंपनीकडून अपेक्षाही करता येत नाही.

आणि पूल काही धक्क्यावर उतरत नाही. खाडीतून मच्छीमार बोटी जायच्या म्हणजे तो उंच लागणार. उंच म्हणजे लांब. त्याची टोकं दोन्हीकडे कुठेतरी वर, महामार्गाला जाऊन मिळणार. महामार्गाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. धोपाव्याच्या खालच्या वाडीतून दाभोळच्या बाजारात येणाऱ्या बाईला मात्र आधी चढ चढून रस्ता गाठायचा, मग एसटीची वाट पाहायची, मग पलीकडे पुन्हा उतरायचं. आज ती घरातून निघून अर्ध्या तासात बाजारात असते. दोन तालुके पुलाने जवळ येतील यात शंका नाही. समोरासमोरची दोन गावं लांब जाण्याची शक्यता आहे, आणि पुलाच्या बातम्यांतल्या वाचलेल्या मिनिटांच्या हिशोबात ही गावं कुठे नसतात.

दुसरी अडचण पूल होण्याची नाही, न होण्याची आहे. बाणकोटच्या खाडीवर पुलाचं काम सुरू झालं, मध्येच थांबलं आणि वर्षानुवर्षं त्याचे खांब पाण्यात तसेच उभे राहिले. त्याच खाडीत वेश्वी–बागमांडला बोट चालत राहिली. ‘पूल येणार’ ही बातमी अशी दहा-पंधरा वर्षं लटकत राहिली की धक्क्यावर पैसे घालायला कुणाचं मन होत नाही. उतार लांबवायला हवा, शेवाळ्याचा भाग खरवडून नवं काँक्रीट टाकायला हवं, बसायला सावली हवी, बायकांसाठी नीट स्वच्छतागृह हवं. कशाला, पूल तर येतोय. बोटीचं सगळ्यात मोठं नुकसान पुलाने होण्याआधी पुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याने होतं.

गंमत अशी की कागदावर ही खाडी जलमार्ग म्हणूनच वाढतेय. २०१६ च्या कायद्याने देशात जे १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात दाभोळ खाडी–वाशिष्ठी नदी हा २८ क्रमांकाचा. या जलमार्गाचा उल्लेख मी एका खलाशापाशी केला. तो म्हणाला, ‘आम्ही लांबीचा नाही, रुंदीचा जलमार्ग चालवतो.’

पूल झाला तरी बोटीची काळजी तशी कमी आहे. पाण्यावर तरंगणारी वस्तू उचलून दुसरीकडे नेता येते. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई–भाईंदर अशी गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, त्याआधी २०२० मध्ये भाऊचा धक्का–मांडवा. मुंबईच्या गर्दीला बोटी हव्याच आहेत. केबिनमधल्या माणसालाही काम मिळेल, त्याचा परवाना कुठल्याही खाडीत चालतो. चार पिढ्या इथे राहिलेला खलाशी वसईला जाईल का, ते वेगळं. उचलून नेता येत नाही ती गोष्ट म्हणजे धक्का, आणि त्याच्या आधाराने उभा असलेला बाजार.

गोव्यात एका वाईट दिवशी बोटी कामी आल्या होत्या. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी आणि बेती यांच्यामधली वाहतूक एका दिवसात पुन्हा फेरीबोटींवर आली आणि नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंतच्या काळात तिचा मोठा भार बोटींनी उचलला. हे जमलं, कारण गोव्यात फेरीबोट हे सरकारी खात्याचं काम होतं आणि आहे. नदी परिवहन खात्याच्या बोटीत पायी माणसाकडून पैसे घेत नाहीत. तोट्याचं आहे, त्यावर दरवर्षी कुरकुर होते, पण बोटी चालतात. आपल्याकडे राज्याचं सागरी मंडळ मार्गाचा परवाना देतं आणि चालवणारा आपल्या हिमतीवर चालवतो. पुलाच्या खर्चात एक छोटी, फक्त माणसांची आणि पाट्यांची बोट काही वर्षांसाठी धरून ठेवायची, तिचा तोटा कुणी सोसायचा ते निविदेतच लिहायचं, एवढं केलं तर शेकडो कोटींच्या हिशोबात ते दिसणारही नाही. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती फार मोठी आहे असं मला वाटत नाही.

धोपाव्याहून निघालेल्या बोटीत कोळंबीची पाटी पायाशी ठेवून बसलेल्या एका मावशींना मी पुलाबद्दल विचारलं. त्यांना पूल हवा होता. मुलगा चिपळूणला कामाला आहे, त्याला घरी यायला बरं पडेल. ‘आणि तुम्ही?’ त्यांनी पाटीवरचा ओला कपडा सारखा केला. ‘पाटी एसटीत घेत नाहीत. कंडक्टर वास येतो म्हणतो.’ मग जरा थांबून त्यांनीच विचारलं, ‘पुलावर रिक्षा शेअर मिळंल काय? किती घेतील?’ शेजारचा दुचाकीवाला म्हणाला, पन्नास तरी. मावशींनी मनात हिशोब केला, मान हलवली आणि बोट टेकायच्या आत पाटी डोक्यावर घ्यायला उठल्या.