फसलेला प्रयोग

घोडनदीच्या काठी वसलेले घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. पावसाळ्यातील रात्र आहे, भीमाशंकरच्या बाजूने ढग उतरून आले आहेत आणि घरातील मुले दूरदर्शनसंचापुढे दाटीवाटीने बसली आहेत, अशी कल्पना करा. मालिकेतील शास्त्रज्ञ एका यंत्राच्या साहाय्याने पिशाच्चाला पकडू पाहत आहे. एकाएकी यंत्र बिघडते, दिवे विझतात आणि प्रयोग त्याच्याच अंगावर उलटतो. मुले भीतीने आजीला बिलगतात.

विज्ञानकथेतील प्रयोग असे फसतात, म्हणून तर त्या कथा आपल्याला खिळवून ठेवतात. पण मुलांनो, अदृश्य शक्तीविषयीच्या समजुतीची परीक्षा प्रत्यक्षात कशी घेतात बरे?

अशी एक परीक्षा पुण्यातच झाली. डॉ. जयंत नारळीकर हे थोर खगोलशास्त्रज्ञ. मराठीत त्यांनी सुरस विज्ञानकथाही लिहिल्या. जन्मकुंडलीवरून माणसाची बुद्धी ओळखता येते, असे पुष्कळ लोक मानतात. यावर नुसता वाद न घालता ते पडताळून पाहावे, असे त्यांनी ठरविले. २००८ साली सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी ही चाचणी घेतली.

१०० अतिशय हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या कुंडल्या जमविण्यात आल्या. त्या एकमेकींत मिसळून प्रत्येक ज्योतिषाकडे ४० कुंडल्या पाठविल्या. कोणती कुंडली कोणत्या मुलाची, हे मात्र गुप्त राखले. उत्तर ठाऊक असलेला माणूस समोर असला, तर त्याच्या चेहऱ्यावरूनही ते ओळखता येते; म्हणून ही काळजी घ्यावी लागते.

५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागविल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठविली. त्यांतील सर्वांत यशस्वी ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली. हे यश मोठे वाटते ना? मग एक खेळ करून पाहा. एक नाणे ४० वेळा उडवा आणि प्रत्येक वेळी छाप की काटा ते आधी सांगा. सुमारे २० अंदाज बरोबर येतील. असा खेळ २७ मुलांनी खेळला, तर त्यांतील एखाद्याचे २४ अंदाज बरोबर यावेत, यात काही नवल नाही. सर्व ज्योतिषांची सरासरी तर निम्म्याहूनही कमी भरली. २००९ साली हे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग हा प्रयोग फसला काय? मुळीच नाही. प्रश्न नीट विचारला होता आणि त्याला स्पष्ट उत्तर मिळाले. ते उत्तर 'नाही' असे आले, एवढेच. चुकलेली उत्तरे लपवून बरोबर आलेली तेवढीच सांगितली असती, तर मात्र प्रयोग खरोखर फसला असता.

अशी पडताळणी ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. कुंडली पाहून एखाद्या मुलाला 'हा मंदबुद्धी निघणार' असे म्हटले आणि घरच्यांनी ते खरे मानून त्याची शाळा सोडविली, तर त्या मुलाचे केवढे नुकसान होईल! मालिकेतील पिशाच्च दिवा लागताच नाहीसे होते; खोट्या समजुतीला घालविण्यासाठी मात्र धीराने प्रश्न विचारावे लागतात.