वाटून टाकलेला अपराध

गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला, ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. अनेकदा तर एकटाच मरत नाही. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि वर येतात ती प्रेते. पोलीस दप्तरी 'अपघाती मृत्यू' अशी नोंद होते. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. ज्या मृत्यूचे कारण आधीच ठाऊक आहे, जो टाळण्याची यंत्रे उपलब्ध आहेत आणि ज्या कामाला कायद्याने मनाई आहे, त्या मृत्यूला अपघात म्हणणे नीतीला धरून आहे काय?

कायदे नाहीत असे कोणी म्हणू शकत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाईही बंदीखाली आणली. पहिल्या गुन्ह्यासाठीच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृतांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरीही माणसे मरतच आहेत. मग अडले कुठे?

अडले आहे ते जबाबदारीच्या वाटणीत. अधिकारी म्हणतो, काम ठेकेदाराला दिले होते. ठेकेदार म्हणतो, माणसे पोटठेकेदाराची होती. मुकादम म्हणतो, मी ढकलले नाही, तो आपल्या पायांनी उतरला. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, आम्ही फक्त सर्वात कमी दर मंजूर केला. रहिवासी काहीच म्हणत नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही. अपराधाचे इतके बारीक तुकडे होतात की कोणाच्याही मनाला टोचेल एवढा तुकडा कोणाच्याच वाट्याला येत नाही. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले. आम्ही त्याला एवढेच जोडतो की ही व्यवस्था अपराधाचीही विभागणी करते. मरण मात्र वाटले जात नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांच्या दारात येते.

'तो स्वखुशीने उतरला' हा युक्तिवाद तर विशेष फसवा आहे. ज्याच्यापुढे जगण्याचा दुसरा दरवाजा उघडाच ठेवलेला नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही. पोटाच्या भुकेने दिलेला होकार हा व्यवस्थेने काढून घेतलेला होकार असतो.

गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि आतल्या माणसाला वाटते, धोका टळला. आमच्या समाजाच्या नीतीचेही तेच झाले आहे. अन्याय इतका साचला आहे की त्याचा वासच कोणाला येईनासा झाला आहे.

यावर दुसरे एक औषध दिले जाते, ते म्हणजे गौरवाचे. २०१९ साली प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. पाय धुतले, पण त्या पायांना गटारापासून दूर नेणारी वाट त्या समारंभातून निघाली नाही. याच्या शेजारी सुनीताची कथा ठेवून पाहा. राजगृहाच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सुनीताला तथागतांनी त्याच्या झाडूचे माहात्म्य सांगितले नाही. ते जिणे सोडून संघात ये, असे सांगितले आणि भिक्खू केले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही कथा आवर्जून घेतली आहे. दया माणसाला आहे तिथेच ठेवून कुरवाळते. मैत्री त्याला हात धरून आपल्या बरोबरीला आणते. हाच तो फरक.

शेवटी प्रश्न आमचा आमच्यासाठी. शिक्षणाच्या आणि आरक्षणाच्या बळावर आपल्यापैकी अनेक जण चाळीतून फ्लॅटमध्ये गेले, कोणी बंगले बांधले. आपल्या इमारतीची, आपल्या विहाराची सेप्टिक टाकी कोण साफ करतो, यंत्र की माणूस, हे आपण कधी विचारले आहे काय? यंत्राची गाडी महाग पडते म्हणून सभेत सगळ्यांबरोबर आपलाही हात वर गेला नाही ना? आत उतरणारा मेहतर असेल, वाल्मीकी असेल, रुखी असेल. 'तो आपल्यातला नाही' असे म्हणणारे मन धम्माचे नसून जातीचेच आहे.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे, गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे. पण पुढच्या सभेत ठेकेदाराचा कागद समोर आला, की एकाने तरी उभे राहून म्हणावे, 'माणूस उतरणार असेल तर आमची सही नाही.' वाटून टाकलेल्या अपराधातला आपला वाटा ओळखणे, ही नीतीची पहिली पायरी आहे. तो एक जण आपल्यातलाच असावा, एवढीच आमची अपेक्षा.