फुफ्फुसीय धमनीतील उच्च रक्तदाब आणि हृदयाची सोनोग्राफी : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

दंडाला पट्टा बांधून जो रक्तदाब मोजला जातो तो हृदयाच्या डाव्या बाजूने शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा होय. उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतही दाब असतो, परंतु तो या पट्ट्याने कळत नाही. निरोगी माणसात विश्रांतीच्या वेळी त्याची सरासरी पाऱ्याच्या सुमारे 14 मिलिमीटर इतकीच असते. ती 20 च्या वर गेल्यास फुफ्फुसीय उच्च रक्तदाब मानावा, असे 2018 साली नाइस येथील जागतिक परिषदेत ठरले. त्यापूर्वी ही मर्यादा 25 होती व बऱ्याच पाठ्यपुस्तकांत अद्याप तोच आकडा छापलेला आढळतो. आरोग्य सहायकांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी हा बदल लक्षात घ्यावा.

या ठिकाणी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दाब वाढण्याची कारणे पाच गटांत विभागली आहेत. फुफ्फुसातील बारीक धमन्याच जाड व अरुंद झाल्याने दाब वाढला तर तो पहिला गट, आणि ‘फुफ्फुसीय धमनी उच्च रक्तदाब’ हे नाव फक्त त्यालाच आहे. डाव्या हृदयाचा विकार, उदाहरणार्थ संधिवाताच्या तापाने आकसलेली झडप, हा दुसरा गट होय. केरळमधील सुमारे दोन हजार रुग्णांच्या नोंदीत निम्म्याहून अधिक रुग्ण या दुसऱ्या गटाचे निघाले. पहिल्या गटाची औषधे दुसऱ्या गटाला लागू पडत नाहीत, कधी अपायच करतात. म्हणून नाव लावण्याची घाई बरी नव्हे.

हृदयाची सोनोग्राफी, जिला आपल्याकडे सर्वजण ‘टू-डी इको’ म्हणतात, 1953 साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी सुरू केली. दाबाचा अंदाज घेण्याची रीत मात्र 1984 साली योक व पॉप यांनी मांडली. ती अशी : हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये ट्रायकस्पिड झडप असते व तिच्यातून बहुतेकांचे थोडे रक्त मागे गळते. खालच्या कप्प्यात दाब जितका अधिक, तितक्या वेगाने ही धार मागे येते. डॉप्लर तंत्राने धारेचा वेग मीटर प्रति सेकंदात मोजावा, त्याचा वर्ग करावा व त्यास 4 ने गुणावे. दोन कप्प्यांच्या दाबातील फरक मिळतो. वेग 3 असल्यास 4 गुणिले 9, म्हणजे 36. त्यात वरच्या कप्प्याचा दाब, समजा 5, मिळविला की 41. हा आकुंचनाच्या वेळचा दाब होय; व्याख्येतील आकडा सरासरीचा आहे. विद्यार्थी या दोहोंची हमखास गल्लत करतात.

पद्धत सुबक आहे, पण नाजूकही आहे. ध्वनिकिरण धारेच्या रेषेत नसून 30 अंशांनी तिरका पडला, तर 4 मीटरचा वेग 3.46 इतकाच दिसतो. वर्गामुळे 64 चे 48 होतात, म्हणजे चौथा हिस्सा नाहीसा होतो! गणिताच्या शिक्षकांना कोज्या शिकविण्यासाठी याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही. वरच्या कप्प्याचा दाब तर मोठ्या शिरेची जाडी पाहून केवळ अंदाजानेच धरला जातो. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इकोचा आकडा जवळपास निम्म्या रुग्णांत प्रत्यक्ष दाबापेक्षा 10 हून अधिक मिलिमीटरने चुकलेला आढळला. आणि काहींत गळती मोजण्याइतकी नसतेच. तेवढ्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही.

याच कारणास्तव 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत दाबाऐवजी वेगाचाच आधार घेतला आहे. 2.8 पर्यंत वेग व अन्य खुणा नसल्यास शक्यता कमी, 3.4 च्या वर गेल्यास अधिक, आणि मधल्या पट्ट्यात इतर खुणा निर्णायक ठरतात : उजवा कप्पा डाव्याहून रुंद होणे, मधली भिंत सपाट होणे, फुफ्फुसधमनी 25 मिलिमीटरहून रुंद होणे इत्यादी. निश्चित निदान मात्र शिरेतून नळी घालून दाब मोजल्यानंतरच होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आदिलाबादच्या गोंड, कोलाम या समाजांत सिकलसेल आढळतो. शेजारच्या किनवट व राजुरा या भागांतही हीच स्थिती आहे. 1956 पर्यंत ते याच जिल्ह्यात होते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत राहतात व फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम होतो. 2004 साली अमेरिकेतील 195 प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश जणांत धारेचा वेग 2.5 वा त्याहून अधिक दिसला, आणि अशांत मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. यामुळे मोठी काळजी निर्माण झाली. पुढे 2011 साली फ्रान्समधील 398 रुग्णांपैकी ज्यांचा वेग वाढलेला होता त्यांची नळी घालून तपासणी झाली, तेव्हा रोग खरोखर ठरला तो अवघ्या 24 जणांत. वेग वाढलेल्या चारांपैकी तिघांत तो नव्हताच. त्या 24 पैकी 13 जणांत कारण डाव्या हृदयाचे होते. रक्त पातळ व कमी असल्याने हृदय अधिक रक्त वेगाने ढकलते, म्हणून आकडा फुगतो. 2013 च्या वर्गीकरणात सिकलसेल पहिल्या गटातून काढून पाचव्यात घातला गेला.

हा काही केवळ पुस्तकी वाद नव्हे. सिल्डेनाफिल हे पहिल्या गटात उपयोगी ठरलेले औषध सिकलसेलच्या रुग्णांना देऊन पाहण्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके वाढले. उटनूर वा नारनूरच्या एखाद्या तरुणाच्या कागदावर इकोच्या एका ओळीवरून ‘फुफ्फुसीय उच्च रक्तदाब’ असे लिहिले गेले व औषध सुरू झाले, तर काय होईल याची कल्पना यावी. दम लागत नसलेल्या सिकलसेल रुग्णांचा सरसकट इको करू नये, असे अमेरिकन रक्तविकार संस्थेने 2019 साली सुचविले ते यासाठीच. दम लागतो, पाय सुजतात, चालताना घेरी येते अशांचा मात्र अवश्य करावा.

जिल्ह्यात 2008 पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. नळी घालून करावयाच्या तपासणीसाठी मात्र बहुधा सुमारे 200 किलोमीटरवरील नागपूर वा 300 किलोमीटरवरील हैदराबाद गाठावे लागते. रोजंदारी बुडवून, सोबतीला माणूस घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला ही फेरी महाग पडते. म्हणून कोणाला पाठवावे हे ठरविण्यापुरता इको नीट वाचता येणे येथे शहरापेक्षा अधिक गरजेचे आहे. अहवालात केवळ ‘सौम्य’ वा ‘मध्यम’ असा शेरा असल्यास आपल्या विद्यार्थ्यांनी तंत्रज्ञाकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात : धारेचा मूळ वेग, उजव्या कप्प्याची रुंदी, डाव्या बाजूच्या झडपांची स्थिती आणि त्या दिवशीचे हिमोग्लोबिन. शेवटची गोष्ट इकोच्या यंत्रातून मिळत नाही, परंतु वेगाचा आकडा तिच्यावाचून वाचता येत नाही.