डिलन कधी विकला गेला?

गायकाने बाज बदलला की ‘बाजाराला विकला गेला’ हा शिक्का लगेच बसतो. तो खरा की खोटा, हे तपासायला बॉब डिलनचं प्रकरण सोयीचं आहे.

आधी जुनी प्रतिमा बघू. मिनेसोटातल्या हिबिंग गावचा रॉबर्ट झिमरमन शाळेत रॉक अँड रोल वाजवायचा. 1961 साली तो न्यूयॉर्कला आला तो बदललेलं नाव घेऊन, लोकगायक वुडी गथ्रीची ढब उचलून आणि स्वतःच्या भटकंतीच्या रचलेल्या कहाण्या सांगत. साधी गिटार, गळ्यात अडकवलेला हार्मोनिका. लोकसंगीतवाल्यांना जो अस्सल वाटला, तो डिलनही घडवलेलाच होता.

मग 1965. मार्चमध्ये आलेल्या अल्बमच्या एका बाजूला इलेक्ट्रिक वाद्यमेळ होता. म्हणजे बदल चोरून झाला नव्हता. तरीही 25 जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि हुर्यो उडाली. सगळीच हुर्यो तत्त्वाची नसावी. आवाज इतका फाटत होता की शब्द कळेनात. ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनीही पुढे आपल्या रागाचं कारण तेच सांगितलं. शिवाय तीनच गाण्यांनंतर तो आत गेला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर साधी गिटार घेऊन आणखी दोन गायला.

आता पैशाकडे वळू, कारण आरोप तोच आहे. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे त्याचं गाणं न्यूपोर्टच्या पाचच दिवस आधी आलं. लांबी सहा मिनिटांहून जास्त. रेडिओला तेव्हा तीनेक मिनिटांची गाणी हवी असत, म्हणून त्याच्या रेकॉर्ड कंपनीतलेच लोक कचरत होते. ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. खप झाला खरा, पण बाजाराच्या मापाने बेतलेला हा माल नव्हे. उलट 1966 च्या दौऱ्यात तिकीट काढून आलेलेच लोक ओरडत होते. मँचेस्टरला तर एकाने त्याला ‘जुडास’ म्हटलं, म्हणजे चांदीच्या नाण्यांसाठी येशूला दगा देणारा. डिलन थांबला नाही. गिऱ्हाइकाला नको ते रोज रात्री वाजवणाऱ्याला विकाऊ म्हणणं मला पटत नाही.

शब्दशः विक्री पुढे झालीच. डिसेंबर 2020 मध्ये त्याने सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल म्युझिकला विकले. त्यांत साध्या गिटारवरची, निषेधाची जुनी गाणीही होती.