वाटी पुन्हा पडली

आनेकल हे बेंगळूरूच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेजवळ वसलेले तालुक्याचे गाव. तेथील भाड्याच्या घराच्या पडवीत बसून मी अनुवादाचे काम करतो. काही महिन्यांपूर्वी असाच एका लेखाचे मराठी रूपांतर करीत होतो. विषय होता लहान मुलांचे खेळ! आणि त्याच वेळी आमची सतरा महिन्यांची छकुली माझ्या खुर्चीमागे उंबरठ्यावर बसून एक वाटी पुन्हा पुन्हा खाली टाकीत होती. त्या खणखणाटाने मी इतका वैतागलो, की उठून वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि फळीवर ठेवून दिली.

छकुली रडली नाही. ती आधी फळीकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिली. शेजारच्या अज्जी अंगणात सुपात नाचणी पाखडीत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "इरलि बिडि!" म्हणजे, असू द्या, राहू द्या. मी ओशाळून वाटी परत दिली आणि, खरे सांगायचे तर, त्या दिवशी प्रथमच ती काय करीत आहे हे नीट पाहिले.

फरशीवर पडलेली वाटी वाजली, गिरकी घेत स्थिरावली. तीच वाटी तिने घडी घातलेल्या चादरीवर टाकली. आवाज झाला नाही. छकुलीने वाकून चादरीकडे पाहिले, वाटी उचलली, आणि पुन्हा फरशीवर टाकून आवाज अजून तेथेच आहे ना याची खात्री करून घेतली. मग चमचा आला, त्यामागून कापडी चेंडू. शेवटी ती भिंतीला धरून उभी राहिली आणि हात होईल तितका उंच नेऊन तिने वाटी सोडली. मी ज्याला उपद्रव समजत होतो, तो एक शिस्तबद्ध प्रयोग होता.

असे पाहणे हे शास्त्रज्ञांनीही कमी लेखलेले नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या हालचालींची टिपणे ठेवली होती. ती १८७७ मध्ये लेखरूपाने प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनीही आपल्या तिन्ही मुलांचे बालपण असेच नोंदवून ठेवले. त्यांचा मुलगा लॉराँ दहा महिन्यांचा असताना हात निरनिराळ्या दिशांना नेऊन एकेक वस्तू खाली सोडी आणि ती कोठे पडते हे पाही. या नोंदींसाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते. वही लागली, आणि सवड. यांपैकी दुसरी वस्तू आजकाल अधिक दुर्मिळ झाली आहे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात शंख-शिंपले, बिया, दगड अशा आसपासच्या वस्तूंना शैक्षणिक साधनांचे स्थान मिळाले. आमच्या घरी याचा प्रत्यय आला तो जरा निराळ्या रीतीने. मी मोठ्या हौसेने चन्नपट्टणचे लाकडी खेळणे आणले. काळ्या कुड्याचे हलके लाकूड, त्यावर लाखेचा चकचकीत रंग. छकुलीने ते दोनदा फिरवून पाहिले आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून ते आले होते, त्यात स्वतः जाऊन बसली.

मोकळीक म्हणजे दुर्लक्ष मात्र नव्हे. एकदा तिच्या गालात चिंचोका सापडला, तेव्हा माझे हातपाय गार पडले. चिंचोका, शेंगदाणा, मणी अशा वस्तू श्वासनलिकेत अडकू शकतात. बादलीतले वीतभर पाणीही या वयात जिवावर बेतते. तेव्हापासून पत्नी रोज रात्री विचारते, "अहो, बादली रिकामी केलीत ना?" धोक्याच्या गोष्टी उचलून ठेवल्या, की दिवसभर 'नको, नको' म्हणण्याचे प्रसंगही पुष्कळ कमी होतात, हा आमचा अनुभव.

आमच्या आईला साताऱ्यात निराळीच काळजी. घरी मराठी, अंगणात कन्नड. पोर गोंधळून बोलायला उशीर करणार! वस्तुतः दोन भाषांत वाढणारी मुलेही साधारण त्याच वयात बोलू लागतात. फक्त त्यांचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजावे लागतात. छकुली आमच्याकडे 'पाणी' मागते, अज्जींकडे 'नीरु'. एका संध्याकाळी पाऊस आला. ती दारात उभी राहिली, बोट बाहेर दाखवून दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणाली, आणि मग आम्हा सर्वांची तोंडे पाहू लागली. आईला मी हे दूरध्वनीवर सांगितले. ती म्हणाली, "मग ठीक आहे. पण पावसात भिजू दिली नाहीस ना?" मी विषय बदलला.

तो लेख दोन दिवस उशिरा पूर्ण झाला. वाटी आता सर्वांत खालच्या फळीवर असते. अलीकडे छकुलीचे लक्ष डब्यांच्या झाकणांकडे वळले आहे, आणि कोणते झाकण कोणत्या डब्याचे, हे आमच्या घरात सध्या तिच्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही.